आयसी हूव्हरच्या ओढ्याचं नाव

ही गोष्ट रात्रीची नाही. अंधाराची नाही, वादळाची नाही.

१९ ऑक्टोबर २०१९. शनिवार. भर दुपार.

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात आमच्याच काउंटीमधली एक घळ. ऊन इतकं लख्ख पडलं होतं की मेपलच्या लाल पानांकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. अशा उन्हात भूतबित काही असतं, असं मलाही कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

ज्याच्यावर हे गुदरलं तो वर्लिन टीटर माझा शेजारी. सत्तरी ओलांडलेला. गुडघ्यांनी बेजार, डाव्या कानात यंत्र, चर्चमध्ये नेहमी मागच्या बाकावर. हे सगळं त्याने मला माझ्या पडवीत बसून सांगितलं. सांगताना एकदाही वर बघितलं नाही.

तुम्ही विश्वास ठेवा, नका ठेवू. पण यातला एक भाग मी स्वतः अनुभवलाय. तो शेवटी सांगतो.

आधी थोडं मागे जावं लागेल.

१९७४ साली वर्लिन सव्वीस वर्षांचा होता. सरकारच्या नकाशा कचेरीत हंगामी कामाला लागला होता. नवा नकाशा छापायच्या आधी प्रत्येक ओढ्याचं, टेकाडाचं, खिंडीचं नाव तिथल्या माणसांना विचारून पक्कं करायचं, हे त्याचं काम. दर नावाला एक कार्ड. कार्डावर नाव, त्यामागचं कारण आणि खाली ते नाव सांगणाऱ्या दोन स्थानिक माणसांची नावं.

आमच्या डोंगरात जागांची बारशी कुणी करत नाही. कुणाचा बैल कड्यावरून कोसळला, ते टेकाड झालं 'ऑक्स नॉब'. अस्वलं जिथे चिखलात लोळायची, ते 'बेअर वॉलो'. जिथे काही घडलं तिथे नाव पडलं, आणि नाव आहे तोवर घडलेलं विसरलं जात नाही. वर्लिन इथलाच पोरगा. हे त्याला सांगायची गरज नव्हती.

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी शेवटचं कार्ड उरलं होतं.

घळीच्या तोंडाशी चर्च. तिथे रस्ता संपायचा. पुढे तीन मैल पायी, ओढा सहा वेळा ओलांडायचा. पाऊस लागलेला. आणि संध्याकाळी पाचला, जिच्यावर त्याचा जीव होता ती लोरेटा भेटणार होती. अंगात नवा शर्ट, बुटांना पॉलिश.

वर्लिन गाडीतच बसून राहिला.

इतक्यात पोस्टाची जीप शेजारी येऊन थांबली. पोस्टमन हॉबर्ट नेल्सनने काच खाली केली.

"नकाशावाला तूच का रे?"

"हो."

"मग इथे काय अंडी उबवतोयस? वर आयसी हूव्हर सकाळपासून वाट बघतेय तुझी. तू येणार म्हणून मीच सांगून ठेवलं होतं. रविवारचा झगा घालून बसलीये म्हातारी. मक्याचा पाव भाजलाय, मुरंबा काढून ठेवलाय."

"तिला नाव माहितीये ओढ्याचं?"

"तिला नाही तर कुणाला असणार? मी सांगतो म्हटलं, तर मलाच गप्प केलं. म्हणाली, हॉबर्ट, हे माझ्याच तोंडून जाऊ दे. जा बाबा, जा. बायकांना ताटकळत ठेवू नये."

"निघालोच," वर्लिन म्हणाला.

जीप गेली.

वर्लिन निघाला नाही.

साडेतीनपर्यंत काचेवरचा पाऊस बघत बसला. मग खिशातून पेन्सिल काढली आणि कार्डावर लिहिलं… लोरेटा रन. आमच्याकडे ओढ्याला रन म्हणतात.

कारणाच्या रकान्यात लिहिलं, जुन्या रहिवासी स्त्रीच्या नावावरून. खाली दोन नावं हवी होती. आयसी हूव्हर. हॉबर्ट नेल्सन.

झालं काम. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्या संध्याकाळी त्याने लोरेटाला सांगितलं, "तुझ्या नावाचा ओढा करून आलोय. सरकारी नकाशात येणार. आता तरी लग्न कर माझ्याशी."

लोरेटा पोट धरून हसली. "बाकीच्या पोरींना अंगठी मिळते. माझ्या नशिबात पाणी."

आणि हो म्हणाली.

पंचेचाळीस वर्षं संसार झाला. कुठल्याही जेवणावळीत लोरेटा हा किस्सा सांगायची. "माझ्या नावाचा ओढा आहे बाई. तुमच्या नावाचं काय आहे?" सगळे हसायचे. वर्लिनही हसायचा. वरच्या बाईचं, पावाचं, मुरंब्याचं तिला त्याने कधीच सांगितलं नाही. रस्ता खात्याने चर्चजवळ हिरवी पाटी लावली, तेव्हा लोरेटाने तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता.

वर्लिन स्वतः मात्र त्या ओढ्यावर कधी गेला नाही. एकदाही नाही.

२०१९च्या मार्चमध्ये लोरेटा गेली. जायच्या चार दिवस आधी तिने त्याचा हात धरला.

"मला माझ्या ओढ्यात सोड."

त्याने मान हलवली.

म्हणून ती ऑक्टोबरची दुपार.

बरोबर मुलगी होती, रोबर्टा. बेचाळीस वर्षांची, शाळेत शिकवणारी, आईसारखीच मोकळ्या तोंडाची. आईच्या अस्थींची डबी तिने स्वतःच्या पिशवीत घेतली होती. गाडी चर्चजवळ लावली. हिरव्या पाटीला हात लावून ती म्हणाली, "चल मम्मा, तुझ्या घरी."

वर्लिनने मान वळवली.

वाट चढणीची. गुडघे कुरकुरत होते. दुसऱ्यांदा ओढा ओलांडेपर्यंत रोबर्टा बरीच पुढे निघून गेली.

"डॅडी, तू सावकाश ये. मी पुढे जाऊन चांगली जागा बघते."

तिची लाल टोपी वळणाआड गेली. वर्लिन दगडावर टेकला. ओढा खळाळत होता. पानं पडत होती.

आणि मग…

ओढा गप्प झाला.

पाणी थांबलं नव्हतं. डोळ्यांसमोर वाहत होतं. दगडांवर आपटत होतं, फेस येत होता. पण आवाज नाही. काचेमागून बघावं तसं.

एक श्वास घेईपर्यंत.

मग खळखळ पुन्हा सुरू.

त्याला वाटलं, कानातल्या यंत्राची बॅटरी गेली. बोटाने टिचकी मारली. यंत्र ठीक होतं.

थोडं वर गेल्यावर पुन्हा तेच. ओढा गप्प. या वेळी त्याच क्षणाला फांदीवर एक निळा पक्षी ओरडला. तो स्पष्ट ऐकू आला. काठीखाली पान चुरगळलं, तेही ऐकू आलं.

फक्त पाण्याचा आवाज नव्हता.

एक श्वास… आणि परत सुरू.

वर्लिनला परत फिरावं असं वाटलं. पण पोरगी पुढे होती.

चौथं वळण. पाचवं वळण. मग रोबर्टाचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती.

"…नाही हो, अजिबात त्रास नाही. खरंच खूप छान झालाय."

थोडी शांतता.

"माझी आजी पण असाच करायची. लोखंडी तव्यात."

शांतता.

"हो? इतकी वर्षं एकट्याच?"

वर्लिन झाडीतून बाहेर आला. समोर मोकळी जागा होती. मधोमध दगडी चुलीचं धुराडं उभं. बाकी घर कधीच कोसळून गेलेलं. जमीन नेच्यांनी भरलेली, चुलीच्या जागी चांगलं हातभर जाडीचं झाड वाढलेलं.

पायरीच्या दगडावर रोबर्टा बसली होती. मान किंचित वर करून समोर बघत होती. शेजारी खुर्चीत कुणी बसलं असेल तर आपण जसं बघू, तसं.

समोर कुणी नव्हतं.



"चार वर्षांची?" रोबर्टा हळूच म्हणाली. "अरे देवा… मग कुणालाच सापडली नाही?"

शांतता. बरीच लांब.

रोबर्टाने डोळे पुसले.

"म्हणून नाव दिलं तुम्ही ओढ्याला. कळलं. दगड नाही, क्रूस नाही, निदान नाव तरी…"

ती ऐकत होती. मान हलवत होती. मधेच हसली. मग तिला वर्लिन दिसला.

"डॅडी, अरे ये ना. या मिस आयसी. इथेच राहतात." मग समोरच्या मोकळ्या हवेला म्हणाली, "हे माझे वडील. गुडघे दुखतात, म्हणून मागे पडले."

 त्याने टोपी काढली. कुणासाठी काढली हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही.

"डॅडी, मिस आयसी विचारतायत. फार वर्षांपूर्वी नकाशा कचेरीचा एक माणूस येणार होता त्यांच्याकडे. आलाच नाही. खाली चर्चपाशी त्याची गाडी दुपारभर उभी होती म्हणे, यांना इथून दिसत होती. टीटर नाव होतं त्याचं. आपल्यातला होता का कोणी?"

ऊन होतं. पोरगी समोर बसली होती. विचारणारं कुणी दिसत नव्हतं. एवढ्या वर्षांनी कुणीतरी सरळ सरळ विचारलं होतं. भांडून नाही, ओरडून नाही. बस, विचारलं होतं.

वर्लिन म्हणाला, "नाही. माझ्या माहितीत तरी नाही."

ओढा गप्प झाला.

या वेळी बराच वेळ.

रोबर्टा समोर वळली. "नाही म्हणतायत." मग ऐकू लागली, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा गोंधळला.

"काय… काय म्हणतेय ती?" वर्लिनने विचारलं.

"म्हणतायत, असू दे. टीटर पुष्कळ आहेत." रोबर्टा उठली, पँट झटकली. "आणि म्हणतायत, ती डबी इथे सोडू नका. या पाण्यात आधीच कुणीतरी आहे."

डबी पिशवीतच होती. रोबर्टाने ती बाहेर काढलीच नव्हती.

दोघं परत फिरली. रोबर्टाने मागे वळून हात हलवला. वर्लिनने मागे बघितलं नाही. त्याला पोरीच्या स्वेटरवर एक कण दिसला. पिवळा. मक्याच्या पावाचा. तिच्या श्वासाला सफरचंदाच्या मुरंब्याचा वास येत होता.

"किती टापटीप घर ठेवलंय या वयात," ती म्हणाली. "आणि डॅडी, आपण केवढे मूर्ख. हा ओढा मम्माचा नाहीच. मिस आयसींची पोर वाहून गेली इथे. प्रेत सापडलं नाही. थडगं नाही. म्हणून त्यांनी ओढ्यालाच तिचं नाव दिलं. सगळे तेच म्हणायचे. मग एक दिवस नकाशात दुसरंच आलं. कुणी केलं असेल रे असं?"

"काय नाव होतं तिचं?"

रोबर्टाने सांगितलं.

वर्लिनला तिचे ओठ हललेले दिसले.

ऐकू काही आलं नाही.

"काय?"

तिने पुन्हा सांगितलं. ओठ पुन्हा हलले. जणू दोन शब्दांमधून एक शब्द कुणी कापून नेला होता.

"गोड आहे ना?" ती म्हणाली.

"हो," वर्लिन म्हणाला.

तीन आठवडे तो काही बोलला नाही. डबी घरात फडताळावर होती. तो तिच्यासमोरून जाताना जमिनीकडे बघून जायचा.

नोव्हेंबरमध्ये चर्चचं जेवण होतं. मीही होतो त्या दिवशी. रोबर्टा ताट घेऊन बायकांमध्ये बसली आणि सहज म्हणाली, "आपण मिस आयसी हूव्हरला का बोलवत नाही? एकट्याच असतात वर."



एक म्हातारी म्हणाली, "कोण आयसी?"

"घळीतल्या. मी भेटले ना त्यांना ऑक्टोबरात."

"पोरी, आयसी हूव्हर त्र्याऐंशी सालच्या हिवाळ्यात गेली. माझ्या आईने तिला आंघोळ घातली होती."

रोबर्टा हसली. मग तिचं हसू विरत गेलं. तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बापाकडे बघितलं. वर्लिन ताटातल्या घेवड्यात काटा फिरवत होता.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "तुला ती दिसली होती का?"

"नाही."

"मग मी कुणाशी बोलत होते?"

वर्लिन सीटचा पट्टा ओढू लागला.

"डॅडी, मी भिंतीशी बोलत होते, आणि तू टोपी काढून उभा होतास. काय चाललंय हे?"

तेव्हा त्याने सांगितलं. सगळं. पाऊस, नवा शर्ट, पोस्टमन, पेन्सिल. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रोबर्टाने गाडी सुरू केली नाही. बराच वेळ चाक धरून बसली.

"मम्माला माहीत होतं?"

"नाही."

"आणि त्या दिवशी… ती समोर बसून विचारत होती, आणि तू नाही म्हणालास. ते मी माझ्या तोंडाने तिला सांगितलं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं वर्लिन म्हणतो. "तिचं खाल्लं मी, डॅडी. तिच्या दारात बसून खाल्लं."

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन वृद्धाश्रमात गेली. हॉबर्ट नेल्सन अजून जिवंत होता. नव्वदीचा. शरीर वाळून काटकी झालेलं, पण डोकं शाबूत. खिडकीपाशी गोधडी पांघरून बसला होता.

वर्लिनने नाव सांगितलं. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला.

"निघालोच म्हणाला होतास," हॉबर्ट म्हणाला.

वर्लिनने मान खाली घातली.

"किती दिवसांनी निघालास रे?"

रोबर्टा मधे पडली. "मिस्टर नेल्सन, आम्हाला ते नाव परत लावायचंय. त्यासाठी तुमची साक्ष हवी."

"माझी साक्ष तर आधीच आहे की. विचार याला." हॉबर्टने वर्लिनकडे बोट केलं. "तुला ठाऊक आहे पोरी, पुढे काय झालं? पाटी लागली. आयसीला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, हॉबर्ट, वाच. मी वाचली. ती म्हणाली, परत वाच. मग तिने माझ्याकडून सरकारला पत्र लिहवून घेतलं, की हे चुकलंय. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तेही मीच वाचलं, तिच्या पत्रपेटीशी उभं राहून. लिहिलं होतं, हे नाव दोन स्थानिकांनी सांगितलंय. आयसी हूव्हर आणि हॉबर्ट नेल्सन."

खोलीत कुठेतरी टीव्ही चालू होता.

"ती म्हणाली, मी तर नाही सांगितलं. म्हणजे तूच. मी देवाची शपथ घेतली. तिने ऐकलं नाही. का ऐकावं? कागदावर होतं ना. त्यानंतर माझ्या हातून एक पत्र घेतलं नाही तिने. मी पेटीत टाकायचो, मी वळणाआड गेलो की ती यायची. मरेपर्यंत. आठवड्यातले सहा दिवस त्या घळीत पायी जायचो मी, आणि ती बाई दार लावून घ्यायची."

"मला माफ करा," वर्लिन म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच कसातरी वाटला.

"माझं काय, मी अजून इथे बसून दोन घास खातोय. तिला म्हण."

मग रोबर्टाकडे वळून म्हातारा म्हणाला, "नाव लिहून घे. मला चांगलं आठवतं. झगा निळा होता पोरीचा." आणि त्याने नाव सांगितलं.

वर्लिनने त्याच्या तोंडाकडे टक लावून बघितलं.

ओठ हलले.

…काही नाही.

औषधं घेऊन आलेली नर्स दारातच थांबली. "आई गं, किती सुंदर नाव. कुणाचं?"

रोबर्टाने वहीत लिहिलं. वर्लिनने वही हातात घेतली. पान कोरं होतं. पेनाचा दाब मात्र बोटाला लागत होता. तो ओळीवरून बोट फिरवत राहिला. आंधळा फिरवतो तसं. काही कळेना.

त्याने कुणाला सांगितलं नाही. वही परत दिली. "बरोबर आहे," म्हणाला.

पुढचं सगळं रोबर्टाने केलं. अर्ज केला. हॉबर्टची साक्ष लिहून घेतली. वर्लिनने पहिल्यांदा आपल्या हातून काय झालं ते सहीनिशी लिहून दिलं. ते पत्र काउंटीच्या बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं. तो मागच्या बाकावर बसून होता. लोकांनी वळून बघितलं, मग नजरा फिरवल्या. आमच्याकडे माणसाला तोंडावर कुणी लागट बोलत नाही. त्यानंतर फक्त त्याच्या पडवीत कुणी थांबेनासं झालं. मी धरून एक-दोघे थांबायचो.

लोरेटाच्या अस्थी चर्चच्या आवारात पुरल्या. साधा दगड. त्यावर ओढ्याचा उल्लेख नाही.

२०२२च्या मे महिन्यात, थडग्यांवर फुलं वाहतात त्या रविवारी, नवी पाटी लागली. आम्ही वीसएक माणसं होतो. हॉबर्ट त्याआधीच्या हिवाळ्यात गेला होता, त्याचा मुलगा आला होता. पाटीवरचं फडकं ओढलं.

डव्ही रन.

डव्ही हूव्हर. वय चार. निळा झगा. मी हे नाव मुद्दाम लिहितोय. वाचाल तेव्हा एकदा तोंडाने म्हणा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोबर्टा रडत होती. ती बापाला म्हणाली, "वाच, डॅडी. तू वाच."

वर्लिन पुढे झाला. समोर नवीकोरी हिरवी पाटी होती. चकचकीत. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

"छान दिसतेय," तो म्हणाला, आणि मागे सरकला.

हे त्याने त्याच संध्याकाळी मला सांगितलं. मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. वय झालं, मनाला लागलंय, डोक्याच्या डॉक्टरला दाखव. त्याने दाखवलं होतं. डोळे ठीक, कान जेवढे असावेत तेवढे ठीक. मी कागद घेऊन मोठ्या अक्षरांत ते नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने कागद हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला. मग घडी घालून मला परत दिला. इतक्या नम्रपणे दिला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती रागावली असती तर बरं होतं," तो म्हणाला. "रागावलेल्या माणसाची माफी तरी मागता येते. मी वर जातो कधी कधी. पायरीवर बसतो. बोलतो तिच्याशी. कुणी येत नाही."

"आणि ओढा?"

"वाहतो. मधेच गप्प होतो."

आता मी म्हटलं होतं तो भाग.

गेल्या महिन्यात वर्लिन माझ्याकडे आला होता. दुपारी चारची वेळ. आम्ही कॉफी घेत होतो. माझी बायको आत भांडी घासत होती, तिचा आवाज येत होता. रस्त्याने एक ट्रक गेला. सगळं नेहमीसारखं.

वर्लिन जुन्या गोष्टी काढत होता. त्यांच्या लग्नाच्या दिवशी केक वितळला होता, त्याची गंमत.

"आणि तुला सांगतो," तो हसत म्हणाला, "त्या उकाड्यात सगळे कावलेले, आणि… मात्र खिदळतेय."

मी थांबलो.

त्याचे ओठ हलले होते. तीन अक्षरांएवढे. मी बघितले होते.

"कोण खिदळतंय?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? …," तो म्हणाला. "माझी बायको."

भांड्यांचा आवाज येत होता. त्याचे 'माझी बायको' हे शब्द स्वच्छ ऐकू आले. त्यांच्या आधीचा… नाही.

तो माझ्याकडे बघत होता. चेहरा अगदी निवांत. त्याला स्वतःला ते नाव ऐकू येत असावं. आपण ते घेतो आणि समोरच्यापर्यंत ते पोचत नाही, याची त्याला कल्पनाच नव्हती. रोबर्टाने अजून सांगितलं नसावं. किंवा तिलाही सांगवलं नसावं.

मीच सांगायला हवं होतं. खरं सांगणारं कुणीतरी असावं, तेवढ्यासाठीच तर तो माझ्या पडवीत बसतो.

"हो हो," मी म्हणालो. "आठवतं की."

आणि कॉफी ओतायला उठलो.